डिपर दिला होता

माफ करणं हा रेजिनाबाईंच्या धर्माचा भाग होता, स्वभावाचा नव्हता. मरोळच्या बाजारात एका कोळणीनं एकदा त्यांच्या गळ्यात शिळं पापलेट मारलं. भांडण नाही, आरडाओरड नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई रोज तिच्या पाटीसमोर उभ्या राहायच्या. एक मासा उचलायच्या, कल्ले उघडून बघायच्या, नाकाशी न्यायच्या, काही न बोलता परत ठेवायच्या आणि शेजारणीकडून मासळी घ्यायच्या. आजूबाजूचं गिऱ्हाईकही मग शेजारणीकडे सरकायचं. हे किती वर्षं चाललं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी कंटाळून कोळणीनं जागा बदलली, तर दुसऱ्या दिवशी बाई नव्या जागी हजर.

मी त्यांच्याकडे गाडी शिकायला गेले ते एकाहत्तरचा पावसाळा संपल्यावर. आम्ही विक्रोळीला कंपनीच्या कॉलनीत राहायचो. माझ्या नवऱ्यानं हौसेनं जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कॉलनीच्या फाटकाचा खांब आडवा केला. त्यानंतर तो स्टिअरिंगला हात लावेना आणि गाडी विकायलाही तयार होईना. शेवटी मीच म्हटलं, मी शिकते. आमच्या बाजूला तेव्हा गाडी शिकवणारी बाई एकच, मरोळ गावठाणातली मिसेस मिस्किटा, म्हणजे ह्याच रेजिनाबाई. तिच्याकडे जाऊन आलेल्या दोघीजणींनी मला सांगितलं होतं, "शिकवते झकास, पण घरी येऊन रडायची तयारी ठेव."

फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की आरे कॉलनीतल्या म्हशींनी रवंथ थांबवून मान वर करावी. वय पंचेचाळीसच्या आसपास. घरात त्यांची गावठाणातली बोली चालायची, आमच्याशी मात्र त्या सरळ मुंबईची मराठी बोलायच्या आणि चिडल्या की हिंदी. गाडीच्या छतावर पाटी होती, 'सायमन मोटर ट्रेनिंग स्कूल'. सायमन म्हणजे त्यांचा नवरा. तो कुठं दिसायचा नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

बाई शिकवायच्या ते दिवेलागणीला. "दिवसा गाढवपण चालवेल," म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडीत बसूच दिलं नाही. गाडीसमोर रस्त्यात उभं केलं, स्वतः आत बसल्या आणि मोठे दिवे लावले. माझे डोळे दिपले. मग खट्कन काहीतरी दाबलं तसा झोत खाली माझ्या पायांवर उतरला.

"हा डिपर," त्या आतून ओरडल्या. "समोरून कोण आला की उजेड खाली पाडायचा. तो काय तुझ्या बापाचा नोकर नाही आंधळा व्हायला. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं? आत बसून काही समजत नाही. बाहेर उभं राहिल्यावर समजतं."

गाड्यांच्या दिव्यांबद्दल त्यांना बोलायला लागलं की थांबवणं कठीण. टाऊनमधले लोक रस्त्यावरच्या दिव्यांच्या जिवावर नुसते बारीक साइडचे दिवे लावून हिंडतात आणि माहीम ओलांडून इकडे आले तरी तसेच चालवतात, हा त्यांचा मोठा राग. एकदा आरेच्या रस्त्यावर असाच एक टाऊनचा डॉक्टर बारीक दिव्यांवर आला. बाईंनी मला गाडी आडवी घालायला लावली, उतरल्या आणि त्याच्या खिडकीवर टकटक केलं. "डॉक्टर, हे मरीन ड्राइव्ह नाही. इथली म्हैस काळी असते." त्यानं मुकाट्यानं हेडलाइट लावले. ट्रकवाल्याचा उजवा दिवा लुकलुकला तर त्याचा अर्थ एक जण 'पुढे जा' असा करतो आणि दुसरा 'येऊ नको' असा, म्हणून दिव्यावर नाही, ट्रकच्या चाकावर नजर ठेवायची. फ्रान्सात पिवळे दिवे लावतात, अमेरिकेत वळतानाही मागचा लालच दिवा लुकलुकतो. ज्या त्या देशाचा कायदा वेगळा. हे सगळं त्या गिअर बदलायला शिकवता शिकवता सांगायच्या.

पण एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. कुठं रस्त्याच्या कडेला डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली परदेशी गाडी दिसली की बाई मला थांबायला सांगायच्या. उतरायच्या, त्या गाडीपुढे उकिडव्या बसायच्या आणि तिच्या दिव्याच्या काचेवरून अंगठा फिरवायच्या. काचेवर उभ्याआडव्या बारीक रेघा असतात, त्या चाचपायच्या. कधी म्हणायच्या, "हिची बदललीय." कधी नुसत्याच येऊन बसायच्या आणि दार जोरात आपटायच्या.

एकदा मी विचारलंच.

"तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात," त्या म्हणाल्या. "म्हणून डिपर दिला की झोत डावीकडे खाली पडतो, पण उजवीकडे वर चढतो. तिकडे उजवीकडे फुटपाथ असतो ना, चालणारा माणूस दिसावा म्हणून. तीच काच घेऊन इकडे आलीस तर उजवीकडे कोण असतो?"

मी मनातल्या मनात रस्ता काढून बघितला. "समोरून येणारा."

"त्याचं तोंड. आणि देणाऱ्याला वाटतं, मी डिपर दिला, मी सभ्य माणूस." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "क्लच सोड. हळू. हळू, वाट लावशील गाडीची!"

सायमनची हकिगत मला त्यांच्या सासूनं सांगितली. शिकवणीला लवकर पोचले की मी ओट्यावर म्हातारीजवळ बसायची. चौसष्टच्या हिवाळ्यात सायमन एका नातेवाइकाकडच्या लग्नाहून स्कूटरवरून परत येत होता. पवईच्या तलावाच्या कडेकडेनं येणारा रस्ता तेव्हा अगदी काळोखाचा होता. समोरून एक मोठी जर्मन गाडी आली. सायमनची स्कूटर रस्ता सोडून कडेच्या दगडांच्या ढिगावर गेली. गाडीला ओरखडाही नाही. गाडीवाला थांबला, त्यानंच सायमनला हॉस्पिटलात नेलं, पण उपयोग झाला नाही. लग्नघरून निघताना यजमानांनी सायमनच्या हातात एक बाटली दिली होती, आमच्यात देतात तशी, म्हातारी म्हणाली. ती खिशात फुटली. अंगभर वास. चौकशी झाली तेव्हा गाडीवाल्यानं सांगितलं, मी डिपर दिला होता, तो प्यायलेला होता. डिपर दिल्याचं गाडीच्या मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानंही पाहिलं होतं. प्रकरण मिटलं.

"माझ्या पोरानं अर्ध्या अंधेरीला गाडी शिकवली," म्हातारी म्हणाली. "आन् लोक बोलाय लागले, मास्तर दारू पिऊन मेला. शाळेत एक माणूस येईना."

गावठाणातला बेनी नावाचा एक पुढारी तर अंत्यविधीच्या दिवशीच म्हणाला होता, "सायमन देवमाणूस, पण ग्लास दिसला की संपलं." बाईंनी ते ऐकलं. त्या दिवसापासून रविवारी चर्चमध्ये त्या बरोबर बेनीच्या मागच्या बाकावर बसू लागल्या आणि प्रत्येक गाणं त्याच्या कानात, सुरात नसलेल्या आवाजात, शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणू लागल्या. बेनी बाक बदलायचा. बाईही बदलायच्या.

नवऱ्याची गाडी त्यांनी विकली नाही. स्वतः शिकल्या, परवाना काढला, पाटीवरचं नाव तसंच ठेवून शाळा पुन्हा चालू केली.

दिवाळीच्या जरा आधी आमच्या वेळेला आणखी एक विद्यार्थिनी आली. कॉलेजात शिकणारी, उंच, दोन वेण्यांची, हसरी. एक जण चालवायची तेव्हा दुसरी मागं बसायची, अशी पद्धत होती.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"नीलिमा सबनीस."

"कुठली?"

"घाटकोपर. माझे बाबा बांधकामाची कंत्राटं घेतात. ते म्हणाले, बाई शिकवणार असेल तरच शिक. कोण बाई, ते विचारलंही नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी गाडी आहे ना? बाबांची गाडी का नाही शिकत?"

"ती कुणाला हात लावू देत नाहीत ते. जर्मन आहे. डाव्या बाजूला स्टिअरिंग."

ओट्यावर म्हातारी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मला त्याच क्षणी समजलं, ती गाडी हीच.

त्यानंतरचे दिवस मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून काढले. बाईंच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच होता. मला वाटायचं, आज ह्या काहीतरी करणार. केलं काहीच नाही. उलट मी चुकले की गाडी दणाणून सोडणाऱ्या ह्या बाई नीलिमावर एकदाही ओरडल्या नाहीत. तिला त्यांनी जीव ओतून शिकवलं. शिकवणी संपली की घरात नेऊन खाऊ घालायच्या. तिची आई लहानपणीच गेली होती, घरात बाप आणि ती. ते ऐकल्यावर तर बाई तिच्या ताटात मासळीची आणखी एक तुकडी वाढायला लागल्या. हे ओरडण्यापेक्षा भयंकर होतं.

एकदा नीलिमा गेल्यावर मी म्हटलं, "बाई, त्या पोरीचा काय दोष?"

"मी काय करते तिला?"

"काही नाही. म्हणून तर विचारते."

"मग नको विचारू."

डिसेंबरात युद्ध लागलं. सगळीकडे काळोख करायचे दिवस. गाड्यांच्या दिव्यांवर काळा रंग फासायचा हुकूम निघाला, शिकवणी बंद पडली. युद्ध संपल्यावर आम्ही परत जाऊ लागलो. मला वाटलं, बाईंचा राग तेवढ्यात जरा निवला असेल. पण प्रत्येक वेळी नीलिमाला त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "बाबांनी दिव्यांचा रंग काढला का गं?"

"नाही अजून. वेळच मिळत नाही म्हणतात."

"असू दे. असू दे."

जानेवारीत एक दिवस नीलिमा म्हणाली, "काल बाबांनी बसून काचा घासल्या. आता आरशासारख्या चकचकीत झाल्यात."

बाईंनी रुमालानं हात पुसले. "छान. तुझी शिकवणी पण झालीच. परवा शेवटचा दिवस. बाबांना सांग, संध्याकाळी पवईच्या रस्त्यानं या. तू इकडून चालवत जा, ते तिकडून येतील. बघू दे त्यांना, पोरगी कशी चालवते ते."

नीलिमा खूश झाली. मला जायचंच नव्हतं, पण तिला एकटीला त्या गाडीत सोडायचंही नव्हतं. मी मागं बसले.

सूर्य मावळून थोडा वेळ झाला होता. साकीनाका मागं पडलं, वस्ती संपली, डावीकडे तलावाचं पाणी नुसतं करडं दिसत होतं. बाई म्हणाल्या, "हळू चालव. अजून हळू." त्यांचा पाय ब्रेकवर होता, हे मी मागून वाकून बघून घेतलं.

लांब दोन दिवे दिसले.

"बाबाच असतील!" नीलिमा म्हणाली.

"डिपर दे."

तिनं दिला. समोरचेही दिवे एकदा खाली गेले, आणि पुढच्या वळणावर ते थेट आमच्या काचेत घुसले. पांढरं. रस्ता नाही, कड नाही, पाणी नाही.

"बाबांनी डिपर नाही दिला!"

"दिला."

"बाई, मला दिसत नाहीये! बाई, रस्ता कुठंय?"

तिचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि डोळ्यांवर गेला. गाडी खाड्कन थांबली. ब्रेक बाईंनी दाबला होता. नीलिमा तशीच बसून राहिली. हात डोळ्यांवरून खाली घेतला आणि त्या हाताकडे बघत राहिली.

सबनीस गाडी कडेला लावून चालत आले. गोरे, टापटीप, पन्नाशीचे. "काय झालं गं? बंद पडली?"

बाई खाली उतरल्या होत्या. इतक्या गोड आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, तुमचे मोठे दिवे चालू राहिले होते का?"

"छे हो, डिपर होता."

"मग पोरीला रस्ता दिसेना तो?"

"अहो, ही तिकडची गाडी ना," सबनीस हसून समजावू लागले. "तिकडे उजव्या बाजूनं चालवतात, म्हणून झोत जरा उजवीकडे चढतो. घेतली तेव्हाच मेकॅनिक म्हणाला होता, काचा बदलून घ्या. पण इथल्या काचा लावल्या की रूपच जातं हो गाडीचं. समोरच्यांना होते सवय."

"कधी घेतली गाडी?"

"त्रेसष्ट साली. वकिलातीतल्या एका साहेबाची होती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ऐकलंस ना, असं. त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं होतं. तो माणूस स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या मुलीसमोर, हसत हसत बोलला होता की मला माहीत होतं. आता त्या आपलं नाव सांगणार, एवढंच उरलं होतं. पण त्यांच्याआधी नीलिमा बोलली. ती गाडीतून उतरून उभी होती.

"बाबा, त्या माणसानं असाच हात धरला होता."

"कोणत्या माणसानं?"

"स्कूटरवाल्यानं. इथंच पुढं कुठंतरी. मी तुमच्या शेजारी बसले होते, उजवीकडे. तो माझ्याच बाजूनं आला. त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि मग तो गेला. मी तुम्हाला सांगितलं होतं बाबा. पोलीस आले तेव्हा पण सांगितलं. तुम्ही म्हणालात, लहान मुलांनी मधे बोलू नये. म्हणालात, तो दारू प्यायला होता."

"नीलू, ते जुनं सगळं आता कशाला—"

"तुम्हाला माहीत होतं? दिव्याचं तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

ती त्या दिवशी गाडीत होती, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी गाडीच्या छताचा आधार घेतला. सायमनच्या नावाच्या पाटीजवळ त्यांचा हात होता. त्यांनी विचारलं, आणि आवाज अगदी बारीक निघाला.

"कोणता हात?"

"काय?" नीलिमा म्हणाली.

"कोणता हात धरला होता त्यांनी?"

"डावा."

बाईंनी मान हलवली. मग त्या सबनिसांकडे वळल्या. "मी सायमन मिस्किटाची बायको."

सबनिसांचं तोंड उघडं राहिलं. एकदा मुलीकडे, एकदा बाईंकडे, एकदा रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "मी डिपर दिला होता."

त्या दिवशी नीलिमा बापाच्या गाडीत बसली नाही. आम्हीच तिला मुलुंडला मावशीकडे सोडलं. गाडी बाईंनी चालवली.

सबनिसांनी दुसऱ्याच दिवशी काचा बदलल्या म्हणे. नीलिमा परत आली नाही. ते मुलुंडला खेपा घालू लागले, ती दार लावून आत बसायची. पंधरा-वीस दिवसांनी ते मरोळला आले. बाई ओट्यावर बोंबील साफ करत बसल्या होत्या, मी म्हातारीजवळ. बाईंनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

"तुमचं ऐकेल ती," सबनीस म्हणाले. "तुम्हाला काय हवं ते सांगा."

"काय देणार?"

"शाळेला नवी गाडी घेऊन देतो. म्हणाल ते."

बाईंनी बोंबलाचं डोकं कापून बाजूला टाकलं. "रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आमच्या क्रूसाकडे या. सगळा गाव असतो. तिथं सांगा, सायमन प्यायलेला नव्हता."

"म्हणजे चारचौघांत... माझा वकील—"

"मग वकिलाला सांगा पोरीला घरी आणायला."

सबनीस वळले आणि चालू लागले. बाई मला म्हणाल्या, "रविवारी ये तू. भाषण आहे."

मला वाटलं नव्हतं, पण ते आले. गावठाणाच्या मधल्या क्रूसापुढे माणसं जमली होती, बायका, पोरं, बेनीही होता. नीलिमा मावशीबरोबर एका बाजूला उभी. सबनिसांचा इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. ते हळू आवाजात काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या.

"सायमन मिस्किटा दारू प्यायलेले नव्हते."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"सायमन मिस्किटा दारू प्यायलेले नव्हते! माझ्या गाडीचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर आला. दिव्यात दोष आहे हे मला आधीपासून माहीत होतं." त्यांचा आवाज फाटला. "मी कोणाला सांगितलं नाही."

"बेनी," बाईंनी गर्दीत बघून विचारलं, "ऐकलंस ना रे? की परत सांगायला लावू?"

बेनीनं टोपी काढली. म्हातारी भिंतीला टेकून रडायला लागली. हळूहळू लोक पांगले तसे सबनीस बाईंजवळ आले.

"आता तिला सांगा."

"काय सांगू?"

"घरी चल म्हणून."

"मी असं कुठं म्हटलं होतं?"

सबनीस बघतच राहिले. "पण तुम्हीच तर..."

"मी म्हटलं, इथं येऊन खरं सांगा. खरं सांगितलंत. झालं. पोरगी तुमची आहे, जायचं असेल तर जाईल. मी अडवलंय का?"

नीलिमानं बापाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. एखादा शब्द बाईंनी टाकला असता तर ती गेली असती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. बाईंनी तो टाकला नाही. त्या म्हणाल्या, "नीलू, आत ये. जेवण थंड होतंय." ती आत गेली.

निघताना मी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, आता पुरे ना. गावापुढे उभा राहिला तो माणूस."

"माझं पुरे कधी होणार ते तू नको सांगू." मग त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे, बेनीला छळत होते तेव्हा मनातून मी पण एक वर्ष मानलं होतं. चौकशीत सगळे म्हणाले, डिपर दिला होता. मग मला पण वाटलं, प्यायलाच असेल. त्याच्या फोटोशी मी भांडायची, मला टाकून गेलास दारूपायी. मग एका गॅरेजमध्ये एका गाडीची काच बदलताना मेकॅनिकनं मला दाखवलं, उजेड कसा चढतो ते. तिथंच खाली बसले मी. वर्षभर मी त्याला शिव्या दिल्या होत्या. ते कोण परत घेणार? सबनीस?"

त्या आत गेल्या. माझा परवाना आला, मी आमची जुनी गाडी चालवू लागले, आणि मरोळला जाणं कमी होत गेलं. कानावर यायचं की सायमन स्कूल जोरात चाललंय. गाव पोरांना पुन्हा तिकडेच पाठवू लागला. नीलिमानंही शिकवण्याचा परवाना काढला आणि बाईंकडेच बायकांना शिकवायला लागली. बाईंना ती आवडत होती, की तिला जवळ ठेवून त्या रोज थोडा थोडा सूड घेत होत्या, हे मला कधी ठरवता आलं नाही. दोन्हीही असेल. पोरीच्या ताटात अजून एक तुकडी जास्त पडायची, एवढं मात्र खरं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास. आमची गाडी दुरुस्तीला होती म्हणून मी दुमजली बसनं अंधेरीला निघाले होते. साकीनाक्याला पोलिसानं हात दाखवून रहदारी अडवली होती. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून मी खाली बघितलं तर शाळेची गाडी. नीलिमा चालवत होती, डावीकडे बाई. आणि रस्त्याच्या कडेला, गाडीपासून दोन हातांवर, सबनीस उभे होते. पायी. केस सगळे पिकलेले. ते तिथं योगायोगानं उभे होते असं मला वाटलं नाही. गाडी रोज ह्याच वेळी तिथून जात असणार.

ते पुढे झाले आणि बाईंच्या खिडकीशी वाकले. काहीतरी बोलले. बाईंच्या पलीकडून मुलीकडे बघत होते. नीलिमा समोर बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाईंनी सबनिसांच्या तोंडाकडे नीट, सावकाश बघून घेतलं. मग दाराचं हँडल फिरवत खिडकीची काच वर करायला लागल्या. काच वर चढत गेली, सबनिसांची बोटं तिच्या कडेवर होती ती त्यांनी काढून घेतली, आणि काच पार वरपर्यंत बसली.

पोलिसानं हात खाली केला. गाडी एकही हिसका न देता पुढे निघून गेली.